फाट्यापर्यंतचं तिकीट

आमच्या राजापूरकडे कुणाला सांगितलं की मी मे महिन्यात खानदेशात चालले आहे, तर तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग विचारायचा, "काही चुकलंय का तुमचं?" मलाही तसंच वाटत होतं. पण सुमनने सहा वर्षं एकच वाक्य लिहून माझं डोकं खाल्लं होतं : "एकदा अखाजीला ये." सुमन आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहिलो. तिचं सासर धुळ्याला, देवपुरात, आणि माहेर दोंडाईच्याच्या अलीकडे आमोदखेडे म्हणून एक लहानसं गाव आहे तिथलं. आपण जिला अक्षय्यतृतीया म्हणतो आणि पंचांगात बघून विसरतो, ती खानदेशात अखाजी होते आणि दिवाळीपेक्षा मोठी होते. त्या सणाला लग्न झालेली प्रत्येक मुलगी माहेरी येते. "तुला माहेर लांब, तर माझं घे," असं सुमनने यंदा लिहिलं. मग मात्र मी हापूसची एक पेटी बांधली आणि निघाले.

चाळीसगाव ते देवपूर

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याची गाडी पकडली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, पण ऊन दुपारचं होतं. कोकणात उकडतं, घामाच्या धारा लागतात. इथे घामच येत नाही, कारण तो येण्याआधीच वाळतो. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला डोक्यावर पदर घ्यायला लावला, ओला पंचा मानेवर टाकला आणि मग पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "आंबा शेत का?" आंबे आहेत का, असं. मी कोकणी ऐटीत झाकण उचललं आणि एक पिकलेला हापूस त्यांच्या पुढे धरला. बाईंनी हात मागे घेतला. अखाजीला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय त्यांच्यात कुणी आंबा तोंडाला लावत नाही. तो आंबा मग मीच खाल्ला, आणि डब्यातली आठ माणसं मला शांतपणे खाताना बघत राहिली. एवढा बेचव हापूस मी जन्मात खाल्ला नव्हता.

देवपुरात सुमनच्या घरी रात्री शेवभाजी होती. भाजीवरचा लाल तवंग बघून मी घाबरले होते, तरी भिडेपोटी दोनदा वाढून घेतली. नंतर मला उचकी लागली ती अर्धा तास थांबेना. सुमनचे यजमान गंभीर चेहऱ्याने गूळ, पाणी, पुन्हा गूळ असं देत राहिले. "उद्या गावाला गेल्यावर माय विचारेल, पाहुणीला काय खायला घातलं," सुमन म्हणाली, "तर सांग, काहीच नाही."

फाटा

दुसऱ्या दिवशी धुळे-दोंडाईचा एस.टी.ने आम्हाला आमोदखेडे फाट्यावर उतरवलं आणि ती धूळ उडवत निघून गेली. फाट्यावर एक निंब, एक पाणपोई आणि एक दगड. गाव कुठेच दिसेना. "सव्वा कोस," सुमन म्हणाली आणि पिशवी डोक्यावर ठेवून चालू लागली.

आमच्याकडे गाव म्हणजे डोंगरभर पांगलेल्या वाड्या. एका घराला खोकला आला तर दुसऱ्याला कळत नाही. पण रात्री वस्तीची एस.टी. प्रत्येक गावात येऊन झोपते, त्यामुळे आपण जगापासून तुटलोय असं वाटत नाही. इथे उलट. नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या रानातून सव्वा कोस चाललात की एकदम सगळं गाव एका ठिकाणी, भिंतीला भिंत लावून, मातीच्या धाब्यांची घरं. आत माणसाला माणूस चिकटलेला, आणि बाहेर जायला ही एवढी वाट.

वेशीवरच सुमनचे वडील उभे होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. उंच, वाळलेले, एका गुडघ्याला फडकं बांधलेलं. "उन्यात का पोरीसहोन? पानी प्या पहिले," आलात का पोरींनो, आधी पाणी प्या, एवढंच बोलून त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली. घरात सुमनची माय होती, धाकटी बहीण मंगल होती, आणि खाटेवर पाय पसरून बसलेल्या अक्का होत्या. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची विधवा बाई, तापीपलीकडच्या सासरहून आदल्या दिवशीच आलेली. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी एकही अखाजी चुकवली नव्हती. माझी हापूसची पेटी उघडून बघून त्या म्हणाल्या, "आंबा चांगला शे, माय. पन एवढास्यामा कोन जेवनार?" त्यांच्याकडे रस बादलीने करतात. त्यामुळे राजापूरची अब्रू खाटेखाली सरकवण्यात आली.

मंगलची गोष्ट मला त्याच संध्याकाळी कळली. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची तीन वर्षं मंगल दोंडाईच्याला शिकली. रोज पहाटे आबा तिला फाट्यावर सोडायचे आणि संध्याकाळी आणायला जायचे. एकही खाडा नाही. ती गेल्या वर्षी दहावी चांगली पास झाली आणि नेमका आबांचा गुडघा गेला. वर्षभर ती घरीच बसली होती. आता दोन महिन्यांपूर्वी एक स्थळ आलं होतं. आबांनी त्यांना थांबवून ठेवलं होतं, कारण गावात एस.टी. येण्याची बोलणी चालू होती. "गावमा गाडी उनी ते पोर शिकी," आबा मला म्हणाले. "नही उनी ते जेठमा लगीन. एकटी पोर सव्वा कोस कशी धाडू, ताई? तुम्हीच सांगा." मंगल चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही, पण थापणारा हात थांबला होता.

नानांची युक्ती

गाडीसाठी खटपट करणारे होते गावचे सरपंच, नाना. ते रात्री पाहुणी बघायला म्हणून आले आणि दोन तास गाडीवरच बोलले. आगारात तीन वर्षं अर्ज करत होते. दर वेळी उत्तर एकच : गाव लहान आहे, प्रवासी मिळणार नाहीत. यंदाच्या शिरगणतीतही गाव हजाराच्या आतच भरलं होतं. नानांना ते मान्यच नव्हतं.

"गाव म्हंजे काय नुस्ता ऱ्हानारा का?" ते मला विचारू लागले, जणू मीच शिरगणती केली होती. "आमन्या आंडेरी कोनी मोज्यात? अखाजीले गाव पाव्हा, दुप्पट व्हस!" आंडेर म्हणजे मुलगी. म्हणून मग नानांनी डोकं लढवलं. आगार पाच दिवस गाडी सोडून बघायला तयार झालं होतं, सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक. गावातून किती माणसं बसतात ते मोजायचं आणि मग ठरवायचं. हे पाच दिवस कुठले, तर नानांनी मागून घेतले अखाजीचे. गाव फुलून आलेलं असताना साहेबांनी बघावं, हा त्यांचा हिशेब. खाटेवरून अक्का काहीतरी पुटपुटल्या, पण नाना बोलत असताना दुसऱ्याचं ऐकू येण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मी कोकणातली, एस.टी. बघत मोठी झालेली, तरी माझे डोळे भरले. वेशीला आंब्याची तोरणं होती. बायांनी गाडीच्या पुढच्या काचेला कुंकू लावलं, चाकापाशी नारळ फोडला, ड्रायव्हरला ओवाळलं. गाडी खचाखच भरून आली होती, टपावरसुद्धा गाठोडी. लेकी उतरत होत्या, कडेवर पोरं, हातात पिशव्या, आणि उतरता उतरताच आपल्या मायला हाका मारत होत्या. नाना हात मागे बांधून हे सगळं असे बघत होते, जणू गाडी त्यांनीच हाकत आणली होती.

मग गाडी परत फिरली. कंडक्टरने दारात उभं राहून ओरडून विचारलं, "चला, दोंडाईचा, दोंडाईचा! कोण येतंय?"

कुणीच आलं नाही. कोण येणार? अखाजीला गावातून बाहेर जातो कोण? सुना आधीच आपापल्या माहेरी गेलेल्या. लेकी आत्ताच उतरलेल्या. आणि पुरुष? खानदेशातल्या पुरुषांना अखाजीला एकच काम असतं, निंबाच्या सावलीत बसून पत्ते कुटायचे. वर्षभराची मेहनत झाली, आता चार दिवस पत्ते, आणि त्यांना उठवायला जाणाऱ्याची धडगत नाही. गाडी गावात भरून आली आणि रिकामी गेली. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंडक्टर खाली उतरून नानांपाशी आला. भला माणूस होता. "नाना, मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "येताना गाडी भरलेली असते, पण ती दोंडाईच्याची माणसं धरतात. इथून सुटताना किती तिकिटं फाटली ते साहेब बघणार. माझ्या कागदावर दोन दिवस भोपळा आहे. परवा साहेब स्वतः येणार आहेत."

नानांचा चेहरा उतरला. ते धावत निंबाखाली गेले. पण डाव रंगात होता. एकाने त्यांना "एवढा डाव व्हवू दे" म्हणून सांगितलं. नाना थोडा वेळ उभे राहिले, आणि मग, खोटं कशाला सांगू, तेही बसले.

अक्का

आबांच्या अंगणात ही बातमी मीच सांगितली. मंगल पाण्याचा हंडा उतरवत होती. तिने तो नीट जागेवर ठेवला आणि आत गेली. सुमन माझ्याकडे बघत राहिली. आबा म्हणाले, "मंग आते काय? त्या पाव्हनासले व्हय सांगनं पडी."

"मी त्याच दिनले म्हनी ऱ्हायंती," अक्का खाटेवरून म्हणाल्या. "अखाजीले गाव भरस. पन भरेल गाव हालस का?" मग त्या पाय खाली सोडून म्हणाल्या, "आम्ही जासूत गाडीमा."

आबा दचकले. अखाजी उलटल्याशिवाय लेकीला वेशीबाहेर धाडायचं नाही, अशी त्यांच्या गावची रीत. कुणी धाडलं तर लोक म्हणतात, घरात भाकरी जड झाली. "अक्का, आंडेरले सनना दिन गाडीमा बसाडू? गाव तोंडमा शेन घाली मना."

"तू धाडू नको ना, भाऊ. तू कोन धाडनारा? आम्ही आपल्या आपन जासूत, नि आपल्या आपन परत येसूत."

अखाजीचा दिवस उजाडला तो डांगराच्या वासाने. डांगर म्हणजे त्यांच्याकडचं खरबूज. पितरांच्या नावाने मातीची नवी घागर भरून ठेवली होती आणि तिच्या तोंडावर ते डांगर. मायने खापरावर मांडे केले. हातावर खेळवत खेळवत पुरणाची पोळी घोंगडीएवढी करतात, आणि ती फाटत नाही. मी एक करून बघितली, तिचे तीन तुकडे झाले आणि एक चुलीत गेला. मग बादलीतला गावरान आंब्यांचा रस. माझे हापूस तेवढ्यात पिकून मऊ झाले होते, तेही त्यात पिळले. जेवून उठणं मला अवघड झालं होतं. निंबाच्या फांद्यांना झोके बांधलेले होते आणि लेकी झोके घेत गाणी म्हणत होत्या. साठीच्या बाया उभ्याने झोके घेत होत्या. सासरी जिचा आवाज कुणी ऐकला नसेल अशी बाई इथे शिट्टीसारख्या आवाजात भावाची खोडी काढणारं गाणं म्हणत होती. मला माझी आई आठवली आणि मी उगाच डोळे पुसले.

संध्याकाळी गाडी आली तेव्हा अक्का झोक्यांपाशी गेल्या. त्यांनी मंगलला हाताशी धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं : ही पोर शिकायची असेल तर गाडी पाहिजे, आणि गाडी पाहिजे असेल तर ती भरून गेली पाहिजे. बस्स. झोके थांबले. कंडक्टर नेहमीसारखा ओरडला, "कोण येतंय?" आणि गाडीवर बायांची अशी झुंबड उडाली की तो बिचारा दारातून ढकलला जाऊन मागच्या बाकापर्यंत गेला. सगळ्यांची तिकिटं फाट्यापर्यंतची. गाडीत गाणी चालूच होती. फाट्यावर सगळ्या उतरल्या आणि सव्वा कोस गात गात गावात परत आल्या. म्हाताऱ्यांसाठी आबा बैलगाडी घेऊन मागोमाग आले होते. लेकींना धाडलं नव्हतं त्यांनी, फक्त आणायला आले होते. निंबाखालचे पुरुष त्या दिवशी पहिल्यांदा पत्ते खाली ठेवून उभे राहिले.

साहेब

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने साहेब आले. चष्मा, खांद्याला कातडी पिशवी, बोलणं कमी. परतीला गाडी पुन्हा बायांनी भरली. साहेब अक्कांच्या शेजारी बसले. मी मागच्याच बाकावर होते.

"अक्का, एवढ्या जणी कुठं निघालात?"

मी मनात म्हटलं, अक्का, काहीतरी सांगा. बाजार सांगा, दवाखाना सांगा. अक्का म्हणाल्या, "कोठेच नही रे भाऊ. फाटावर उतरसूत नि माहेरले परत येसूत."

"मग गाडीत कशाला बसलात?"

"गाडी रिकामी जास म्हनीसन."

गाडीतली गाणी बंद पडली. सुमनने माझा हात दाबला. फाटा आला, बाया खाली उतरल्या, पण कुणी परत निघालं नाही. साहेबही उतरले. आबांची बैलगाडी तिथे येऊन उभी होती.

साहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मीही खरंच विचारतो. या सगळ्या चार दिवसांनी आपापल्या घरी जातील. मग गाडीत कोण बसेल?"

"ह्या जातीन, नि त्या येतीन," अक्का म्हणाल्या. "आमन्या सुना. त्या बी माहेरले जायेल शेत. पोरेसोरे लिसन याच फाटावर उतरतीन, भर ऊनमा. त्यासले कोन मोजी?"

साहेबांनी मान हलवली. हे त्यांनी धरलं नव्हतं. "ते सणाचं झालं. पण रोज? रोज कोण बसेल?"

मग मंगल पुढे आली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी नीट ऐकला नव्हता. "मी बसेन," ती म्हणाली. "रोज सकाळी कॉलेजला जाईन, रोज संध्याकाळी येईन. पण आबा म्हणतात, गाडी पक्की झाली तरच."

साहेब आबांकडे वळले. "आणि आम्ही म्हणतो, रोजची माणसं दिसली तरच गाडी पक्की." ते जरासे हसले, पण त्यात चेष्टा नव्हती. "आबा, आधी कुणी हलायचं, तुम्ही का आम्ही?"

आबांनी अक्कांना हात धरून बैलगाडीत चढवलं आणि बैलांची शेपटी पिरगाळली. परत येताना कुणी गायलं नाही. मला आबांचा राग आला होता आणि रागाची लाजही वाटत होती. तीन वर्षं रोज पहाटे चालत गेलेल्या माणसावर मी, चार दिवसांची पाहुणी, कसली रागावते?

शेवटची फेरी

पाचव्या दिवशी सकाळी मी निघाले. सुमन दोन दिवस राहणार होती. मायने माझ्या पदरात सांजोऱ्या बांधल्या, अक्कांनी गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "पुढला साल ये," त्या म्हणाल्या, "तू बी आते या गावनी आंडेर." आणि मी रस्त्यात उभी राहून, शाळेतल्या मास्तरणीला शोभणार नाही अशी, हुंदके देऊन रडले.

गाडीत चढून बसले. त्या सकाळी आणखी सहा-सात जणी खऱ्याच निघाल्या होत्या, सासरी. गाडी सुटायच्या बेतात असताना आबा लंगडत येताना दिसले. मला वाटलं, माझं काही राहिलं. पण त्यांच्यामागे मंगल होती, धुतलेल्या पातळात, वेणी घालून. आबांनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि कंडक्टरला म्हणाले, "एक दोंडाईचा. पोरनं."

"कुठं चालली मंगल?"

"शाळामाइन दाखला काढाना शे. कॉलेजले लागी."

कंडक्टरचा हात तिकिटाच्या पेटीवर तसाच राहिला. माणूस भला असल्यामुळे त्याला खरं सांगावंसं वाटलं. "आबा, गाडी अजून पक्की नाही झाली हां. आज संध्याकाळची फेरी शेवटची. उद्याचं मला माहीत नाही."

"गाडीनं गाडी पाही लेई," आबा म्हणाले. "मनी पोर पक्की शे."

ते खाली उतरले आणि मागे न बघता घराकडे गेले. मंगल खिडकीकडे तोंड करून बसली. फाटा येईपर्यंत तिने तोंड वळवलं नाही आणि मीही तिला हाक मारली नाही.

परवा, जुलै संपताना, सुमनचं पत्र आलं. गाडी पक्की झाल्याचा कागद अजून आलेला नाही. गाडी एखाद्या दिवशी येते, एखाद्या दिवशी येत नाही. मंगल रोज जाते.